गुत्त्याचा परवाना आणि गावाचा शब्द

इंग्लंडमधील एखाद्या गावात आज नवे मद्यालय, म्हणजे ज्यास तिकडे ‘पब’ म्हणतात ते, उघडावयाचे झाल्यास प्रथम त्या जागेच्या दर्शनी भागी फिकट निळ्या कागदावर छापलेली एक सूचना लावावी लागते. ती तेथे 28 दिवस राहते. येणाऱ्याजाणाऱ्याने ती वाचावी आणि आक्षेप असल्यास त्या मुदतीत स्थानिक परिषदेस लेखी कळवावा, अशी अपेक्षा असते. कोणाचाच आक्षेप आला नाही, तर परिषदेस परवाना द्यावाच लागतो. आक्षेप आला आणि तो कायम राहिला, तर परिषदेच्या सभासदांची समिती उभय पक्षांचे म्हणणे ऐकून निर्णय देते. 2003 च्या कायद्याने ठरलेली ही पद्धत नोव्हेंबर 2005 पासून अमलात आली. वरवर पाहता ही एक कारकुनी बाब होय. परंतु त्या निळ्या कागदामागे साडेचारशे वर्षांचा वाद उभा आहे. गावात गुत्ता कोठे असावा, किंबहुना तो असावाच की नाही, हे कोणी ठरवावयाचे? सरकारी अधिकाऱ्याने, तिजोरीने, की शेजाऱ्यापाजाऱ्यांनी? या वादाचा एक धागा थेट आपल्या मुंबई इलाख्यापर्यंत येऊन पोहोचतो, म्हणून त्याची हकीकत येथे थोडक्यात सांगावयाची आहे.

इंग्लंडात 1552 साली सहाव्या एडवर्डच्या राजवटीत झालेल्या कायद्याने मद्यगृह चालविण्यास दोन ‘जस्टिस ऑफ द पीस’ यांची संमती आवश्यक ठरली. हे गृहस्थ बहुधा त्या परगण्यातील जमीनदार असत. गुत्तेवाल्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घ्यावा आणि दंगाधोपा झाल्यास गुत्ता बंद करावा, असा त्यांचा अधिकार होता. गावाचे मत घेण्याचे बंधन मात्र त्यांच्यावर नव्हते. पुढे 1830 साली खुल्या व्यापाराचे वारे वाहू लागले आणि पार्लमेंटाने असा कायदा केला, की दोन गिनी भरणाऱ्या कोणाही करदात्या गृहस्थास न्यायाधीशांकडे न जाता बीअर विकता यावी. परिणाम असा झाला, की काही महिन्यांतच सुमारे 24,000 नवी बीअरगृहे उभी राहिली. तिजोरीने पैसे घेतले. शेजार कोणता आहे, याची चौकशी कोणीच केली नाही. ही चूक दुरुस्त होऊन बीअरगृहे पुन्हा न्यायाधीशांच्या ताब्यात येण्यास 1869 साल उजाडावे लागले.

न्यायाधीशांच्या अधिकाराची खरी कसोटी लागली ती वेस्टमोरलंड परगण्यातील केंटमीअर या आडवळणी खेड्यात. तेथील एका खाणावळवजा मद्यालयाचा परवाना न्यायाधीशांनी नव्याने देण्याचे नाकारले. ती जागा पोलिसांच्या देखरेखीपासून फार दूर आहे आणि त्या परिसरास तिची गरज नाही, अशी कारणे त्यांनी दिली. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. 1891 साली ‘शार्प विरुद्ध वेकफील्ड’ या निकालाने न्यायाधीशांचा अधिकार मान्य झाला. मात्र तो लहरीने नव्हे, तर विवेकाने व कायद्यास धरून वापरला पाहिजे, असे लॉर्डांनी बजावले. परिसराची गरज ही कायद्याने विचारात घेण्याजोगी गोष्ट आहे, हे यातून प्रस्थापित झाले.

हा अधिकार लोकनियुक्त परिषदांकडे द्यावा, असा प्रयत्न याच सुमारास, 1888 साली, झाला होता. परंतु ज्यांचे परवाने रद्द होतील त्यांस नुकसानभरपाई द्यावी, असे कलम त्या विधेयकात होते. मद्यपानविरोधी पक्षाने त्यावर एवढे रान उठविले, की सरकारला ती कलमे मागे घ्यावी लागली. भरपाईचा हाच प्रश्न 1890 साली पुन्हा निघाला, तेव्हा पार्लमेंटचे एक सभासद विल्यम केन यांनी निषेधार्थ आपल्या जागेचा राजीनामा दिला. हिंदुस्थानाशी संबंध जुळतो तो याच केनसाहेबांमुळे. 1888 साली सॅम्युएल स्मिथ यांच्यासमवेत त्यांनी हिंदुस्थानातील मद्यपाननिषेधासाठी लंडनमध्ये एक संस्था स्थापन केली होती.

आपल्याकडे त्या वेळी काय चालले होते? 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यान्वये ताडीच्या झाडांवर जबर कर बसला होता. मद्य गाळण्याचे व विकण्याचे मक्ते दिले जात आणि गुत्ता कोठे असावा हे कलेक्टर ठरवीत असे. 1892 च्या कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले जवळ बाळगण्यावरही निर्बंध आले. गावकऱ्यांच्या तोंडून कोणता शब्द निघतो, हे ऐकण्याची सोय या रचनेत कोठेच नव्हती. 1889 च्या एप्रिलमध्ये स्मिथ यांनी हाउस ऑफ कॉमन्समध्ये हिंदुस्थानच्या अबकारी धोरणाविरुद्ध ठराव आणला आणि सरकारच्या विरोधास न जुमानता तो थोड्या मताधिक्याने संमतही झाला. त्याचे उत्तर म्हणून 1890 साली हिंदुस्थान सरकारने आपली तत्त्वे जाहीर केली. कर शक्य तितका जड असावा, दुकाने मर्यादित असावीत आणि स्थानिक लोकमताचा शोध घेऊन त्यास वाजवी मान द्यावा, अशी ती होती. ‘वाजवी’ किती, हे मात्र सरकारनेच ठरवावयाचे होते! लोकमत ऐकले जाईल, पण निर्णय कलेक्टरचा, असा त्याचा अर्थ. 1908 साली पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने स्वयंसेवक गुत्त्यांपुढे उभे राहून गिऱ्हाइकांस परतवू लागले. सरकारने ती चळवळ दडपली. ज्या लोकमतास मान देण्याचे वचन होते, ते दाराशी येऊन उभे राहिले तेव्हा ते उपद्रव ठरले.

आता पुन्हा त्या निळ्या कागदाकडे वळू. 1888 साली जे साधले नाही ते 2003 साली साधले आणि परवान्याचा अधिकार न्यायाधीशांकडून स्थानिक परिषदांकडे आला. पण वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परिषदेपुढे चारच कारणे चालतात: गुन्हे व बेशिस्त यांस प्रतिबंध, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रवास प्रतिबंध आणि मुलांचे संरक्षण. ‘आमच्या गल्लीत अगोदरच चार पब आहेत, पाचव्याची गरज काय?’ हा केंटमीअरचा युक्तिवाद आता ऐकला जात नाही. अधिकार गावाजवळ आला, परंतु येता येता आक्रसला.

आपल्याकडे याच्या नेमकी उलट वाट दिसते. 1949 च्या कायद्यानुसार 1950 पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. पुढे महाराष्ट्रात ती सैल झाली आणि गुत्त्याच्या जागेचा प्रश्न पुन्हा गावापुढे आला. 2008 च्या आदेशाने महाराष्ट्रातील गावांतील स्त्रियांस गुप्त मतदानाने दुकान बंद करविण्याचा मार्ग मिळाला. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चिन्हे. आडवीस मत म्हणजे दुकान बंद. येथे गरज सिद्ध करावी लागत नाही, कारणही सांगावे लागत नाही. अडचण आहे ती मोजणीत. झालेल्या मतांच्या नव्हे, तर यादीतील एकूण स्त्री-मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीस पडावी लागतात. म्हणून जी मजुरीला परगावी गेली, जी आजारी पडली, जिला घरातून बाहेर पडू दिले गेले नाही, ती प्रत्येक स्त्री न बोलता उभ्या बाटलीच्या पारड्यात मोजली जाते.

आपला वाचकवर्ग निरनिराळ्या राज्यांत विखुरलेला आहे. वडोदऱ्यात मुंबईच्या त्या 1949 च्या कायद्यावर आधारलेली दारूबंदी आजही आहे. गोव्यात 1964 च्या अबकारी कायद्याखाली परवान्याची व्यवस्था चालते आणि तावेर्न हा गावच्या जीवनाचा एक जुना भाग आहे. म्हणून गुत्ता असावा की नसावा, याचे एकच उत्तर सर्वांस लागू पडणार नाही आणि या लेखाचा तो हेतूही नाही. मात्र आपल्या गावी असा प्रश्न निघेल तेव्हा ‘गावाचे मत घेतले काय?’ एवढेच विचारून थांबू नये. ते मत कोणत्या कारणांपुरते घेतले, कोणी मोजले आणि जो आला नाही त्याला कोणत्या बाजूस धरले, हेही विचारावे. सरकारने गावाचे मत ऐकण्याचे कबूल केले ते 1890 साली. ते मानण्याचे मात्र अजून पुरतेपणी कबूल झालेले नाही.