नारळीकरांची विज्ञानकथा : स्त्रियांचा प्रतिसाद

खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या मराठी विज्ञानकथांना स्त्री-वाचक व लेखिकांकडून मिळालेला प्रतिसाद.

मराठी विज्ञान परिषदेच्या (पहा : मराठी विज्ञान परिषद) १९७४ च्या कथास्पर्धेत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली. त्याची आद्याक्षरे त्यांच्या स्वतःच्या नावाच्या उलट क्रमाने आहेत. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून प्रत त्यांच्या पत्नी, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी लिहून दिली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले.

सर्वांत महत्त्वाचा प्रतिसाद दुर्गा भागवत (पहा : भागवत, दुर्गा) यांचा. कराड येथील १९७५ च्या साहित्य संमेलनात अध्यक्षीय भाषणात त्यांनी या नव्या लेखनाची दखल घेतली. ते संमेलन आणीबाणीविरोधी भूमिकेसाठी अधिक स्मरणात राहिले. परंतु लोकसाहित्याच्या जाणकार अभ्यासिकेने दिलेली ही दाद विज्ञानकथेच्या साहित्यिक प्रतिष्ठेसाठी मोलाची ठरली. नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह १९७९ मध्ये निघाला.

पुढे शुभदा गोगटे, मेघश्री दळवी या लेखिकांनी स्वतः विज्ञानकथा लिहिल्या (पहा : विज्ञानकथा, मराठी). नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे (२०२१) अध्यक्षपद नारळीकरांकडे होते.