'वॉय' : दृष्टिहीनांच्या फुटबॉलमधील एका क्रियापदाचा इतिहास

खेळांच्या इतिहासात जेते, उपजेते आणि सामन्यांच्या तारखा यांची नोंद काळजीपूर्वक ठेवली जाते. मैदानावर उच्चारलेल्या शब्दांची नोंद मात्र क्वचितच कोणी ठेवतो. शब्द हवेत विरतो, हे त्याचे उघड कारण होय. परंतु ज्या खेळात शब्दोच्चार हाच नियमाचा भाग असतो, तेथे त्या शब्दाचा मागोवा घेतल्यावाचून खेळाचा इतिहास पुरा होत नाही. दृष्टिहीनांच्या फुटबॉलमध्ये असा एक शब्द आहे : स्पॅनिश भाषेतील 'वॉय', म्हणजे 'मी जातो'.

ज्या वाचकांनी हा खेळ पाहिलेला नसेल त्यांच्याकरिता त्याची रचना सांगणे अवश्य आहे. मैदान ४० मीटर लांब व २० मीटर रुंद असते. त्याच्या दोन्ही लांब कडांना फळ्यांचा कठडा असतो. प्रत्येक संघात पाच खेळाडू. त्यांपैकी गोलरक्षक डोळस, उरलेले चौघे दृष्टिहीन. कोणास किंचित प्रकाश जाणवत असेल तर त्याचा लाभ मिळू नये म्हणून चौघांच्याही डोळ्यांवर पट्टी बांधतात. चेंडूच्या आत खुळखुळे असतात. चेंडू खेळात असेपर्यंत प्रेक्षकांनी मौन पाळावयाचे असते. आणि जो खेळाडू चेंडूकडे अथवा चेंडू जवळ असलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे चाल करतो, त्याने 'वॉय' असे स्पष्ट व मोठ्याने उच्चारावयाचे असते. न उच्चारल्यास तो नियमभंग ठरतो. कारण साधे आहे : दोन धावती शरीरे एकमेकांवर आदळू नयेत.

येथे भाषाभ्यासकाच्या दृष्टीने एक भेद महत्त्वाचा आहे. या मैदानावर बोलणे पुष्कळच चालते. गोलरक्षक आपल्या बचावफळीला सूचना देतो, प्रशिक्षक मधल्या भागात देतो, आणि प्रतिपक्षाच्या गोलामागे उभा असलेला मार्गदर्शक आक्रमकांना दिशा व अंतर सांगतो. हे सारे बोलणे आपल्याच माणसांशी असते. म्हणून ते ज्याच्या त्याच्या मायबोलीत होते, आणि शत्रुपक्षाला ते कळले नाही तर बरेच. 'वॉय' मात्र प्रतिस्पर्ध्याला उद्देशून असतो. आंतरराष्ट्रीय सामन्यात दोन्ही पक्षांना सारखाच कळलाच पाहिजे असा हा एक शब्द. त्याच्या प्रसाराचे मर्म मला येथे दिसते.

हा खेळ स्पेन आणि ब्राझील या देशांतील अंधांच्या शाळांत वाढला. १९३८ मध्ये स्थापन झालेल्या स्पेनमधील अंधांच्या राष्ट्रीय संघटनेने पुढे त्याला संस्थात्मक बळ दिले. १९९६ मध्ये अंधांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडासंघाने तो आपल्या कक्षेत घेतला, आणि १९९८ मध्ये ब्राझीलमध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली. २००४ च्या अथेन्स पॅरालिंपिकपासून तो तेथेही आला. त्या वर्षापासून टोकियोपर्यंतची पाचही सुवर्णपदके ब्राझीलने नेली. २०२४ मध्ये पॅरिसला फ्रान्सने ती परंपरा मोडली. यांतील गंमत अशी की, सर्वाधिक विजयी ब्राझीलची भाषा पोर्तुगीज. तिच्यात 'मी जातो' याला 'वोउ' म्हणतात. तरीही जगभर रूढ झाले ते स्पॅनिश रूपच.

दोन्ही रूपे लॅटिन 'वादो'पासून निघालेली सख्खी भावंडे आहेत. जुन्या स्पॅनिशमध्ये नुसते 'वो' असे होते. शेवटचा 'य' मागाहून जोडला गेला. 'सोय', 'दोय', 'एस्तोय' या एकाक्षरी अथवा अंत्याघाती प्रथमपुरुषी रूपांची तीच कथा आहे. तो 'य' कोठून आला याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. त्यात येथे शिरण्याचे कारण नाही. इतके मात्र म्हणता येईल की, या जोडणीमुळे शब्दाला मैदानावर उपयोगी पडेल असा ध्वनी लाभला : एकच अवयव, अंती अडवणारे व्यंजन नाही, धावता धावता लांबवता येणारा संयुक्त स्वर. मराठी कानाला तो 'व्हय' या ग्रामीण होकारासारखा ऐकू येण्याचा संभव आहे.

शब्द नियमात शिरतो तेव्हा काय होते, याचे उदाहरण आपल्या घरीच आहे. महाराष्ट्रातील हुतूतू या खेळात चढाई करणारा गडी एका दमात शब्द घोळवीत असे. तो शब्द म्हणजे दम न सुटल्याचा पुरावा. प्रांतोप्रांती खेळाचे नाव निराळे आणि घोषही निराळा. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला, नियम एकरूप झाले, आणि 'कबड्डी' हाच मान्य घोष ठरला. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत हा खेळ आला, तेव्हा जपानी खेळाडूंनाही तोच शब्द घोळवावा लागला. पाचोऱ्याच्या काळ्या मातीत आज मुले 'कबड्डी'च म्हणतात. 'हुतूतू' हा शब्द वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात उरला आहे. येथे निवड नियमाने केली.

'वॉय'ची गोष्ट याच्या उलट आहे. आंतरराष्ट्रीय संघाच्या पूर्वीच्या नियमावल्यांत 'वॉय' किंवा तत्सम दुसरा शब्द चालेल, अशी मोकळीक दिलेली आढळते. दार उघडे होते; ते वहिवाटीने लावून घेतले. एका पिढीच्या अवधीत इंग्रज, इराणी, चिनी खेळाडू 'वॉय' म्हणू लागले ते सक्तीने नव्हे, तर समोरच्याला कळावे म्हणून. शब्द उसना घेण्यामागे नेहमी दडपणच असते असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण तपासून पाहावे.

आपल्या देशात दृष्टिहीनांच्या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईत ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये, दुष्काळाच्या दिवसांत, अंधांची शाळा काढली. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरले, तेव्हा जगाची सहा टिंबे कायम ठेवून त्यांत आपली अक्षरे बसविण्यात आली. फुटबॉल मात्र फार उशिरा आला. त्याचे भारतीय केंद्र कोची. ऑक्टोबर २०२५ मध्ये महिलांची दुसरी जागतिक स्पर्धा तेथेच भरली. पहिली २०२३ मध्ये बर्मिंगहॅमला झाली होती, आणि तेथे महिला व पुरुष या दोन्ही गटांत अर्जेंटिना विजयी ठरली.

महिलांच्या स्पर्धेमुळे अनुवादाचा एक प्रश्न उभा राहतो. स्पॅनिश 'वॉय'ला लिंग नाही. मराठीत 'जातो' म्हणताच पुरुष, 'जाते' म्हणताच स्त्री. शिवाय निघताना 'जातो' म्हणणे आपल्याकडे अशुभ. घरातले वडील लगेच 'येतो म्हण' असे सुनावतात. खरे पाहता स्पॅनिश माणूस हाक मारल्यावर 'वॉय' असेच उत्तर देतो, आणि तेथे आपण 'आलो' म्हणतो. तेव्हा शब्दार्थ 'जातो' असला तरी प्रसंगार्थाने 'आलो' हेच त्याचे नेमके मराठी रूप. भूतकाळी रूपाने आसन्न भविष्य सांगण्याची मराठीची ही लकब मैदानावर चपखल बसते. अंगावर येणारा प्रतिस्पर्धी 'आलो' म्हणतो, यापरते स्पष्ट ते काय? पण 'आलो' आणि 'आले' हा भेद तेथेही सुटत नाही.

तो सुटतो अहिराणीत. पाचोरा, भडगाव, चाळीसगाव या गिरणेच्या खोऱ्यात 'मी जास' असे बाईही म्हणते आणि बुवाही. एकच अवयव, लिंग नाही, आणि अंती 'स' असल्याने गोंगाटातही वेगळा ऐकू येणारा. आंतरराष्ट्रीय सामन्यात त्याचा उपयोग नाही, कारण समोरच्याला तो कळणार नाही. परंतु खानदेशातील एखाद्या शाळेत मुले प्रथमच खुळखुळणाऱ्या चेंडूमागे धावतील, तेव्हा शिक्षकाने पहिले काही दिवस त्यांना 'जास' म्हणू द्यावे, आणि मग त्याचाच स्पॅनिश पर्याय म्हणून 'वॉय' शिकवावा, असे मला वाटते. अर्थ ठाऊक नसलेला शब्द धडकेच्या क्षणी ओठांवर यावयास वेळ लागतो, आणि तेवढ्यात डोके फुटते.