लूज कनेक्शन

28 मे 1977 च्या रात्री अमेरिकेत, केंटकी राज्यातल्या साउथगेट गावी ‘बेव्हर्ली हिल्स सपर क्लब’ जळाला. 165 माणसं गेली. वेटरांच्या हाताखाली काम करणाऱ्या अठरा वर्षांच्या एका पोराने स्टेजवर चढून, माइक घेऊन लोकांना बाहेर पडायला सांगितलं, म्हणून कित्येक जण वाचले. आगीची सुरुवात झेब्रा रूम नावाच्या छोट्या खोलीतून झाली आणि कारण विजेचं होतं, इथवर तपास पोचला. भिंतीतल्या अ‍ॅल्युमिनिअमच्या तारेचा जोड तापला होता का, हा वाद मग कोर्टात गेला.

अ‍ॅल्युमिनिअम भिंतीत आलं ते तांबं महागलं म्हणून. साधारण 1965 ते 1973 दरम्यान अमेरिकेत लाखो घरांच्या 15 आणि 20 अँपिअरच्या सर्किटांत ते घातलं गेलं. (आपल्याकडच्या जुन्या इमारतींतही ते सापडतं.) तारेत खोट नव्हती. मोठाल्या टॉवरवरच्या लाइनी आजही अ‍ॅल्युमिनिअमच्याच असतात. घोटाळा होता शेवटच्या एका सेंटिमीटरचा, जिथे तार स्क्रूखाली जाते तिथला.

तापलं की अ‍ॅल्युमिनिअम तांब्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त प्रसरण पावतं, आणि लोखंडी स्क्रूच्या जवळपास दुप्पट. स्क्रू हलत नाही, मग मऊ तार दबून चपटी होते. थंड झाल्यावर पकड थोडी ढिली पडते. त्या फटीत हवा शिरते, ऑक्साइडचा थर चढतो, आणि तो थर वीज वाहू देत नाही. पुढच्या वेळी जोड आणखी तापतो. ‘जास्तच आवळू या’ म्हणावं, तर तार आणखी चेपते.

हिशेब सोपा आहे. जोडाचा रोध 0.1 ओहम झाला आणि त्यातून 15 अँपिअर गेले, तर 22.5 वॉट उष्णता होते. म्हणजे स्विचबोर्डाच्या बंद डबीत एक छोटी सोल्डरिंग इस्त्री चालू ठेवल्यासारखं. एमसीबी पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. मला यातलं हेच सगळ्यात भयंकर वाटतं. एरर नाही, लॉग नाही, सिस्टिम म्हणते सगळं ठीक.

ग्राहक सुरक्षा आयोगासाठी झालेल्या पाहणीत आढळलं, की 1972 पूर्वीच्या अ‍ॅल्युमिनिअम वायरिंगच्या घरात एखादा तरी जोड आगीच्या धोक्यापर्यंत तापण्याची शक्यता तांब्याच्या घरापेक्षा 55 पट आहे.

खटल्यात मात्र पहिल्यांदा तार बनवणारे जिंकले. नंतर एका ज्युरी सदस्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं आणि भानगड उघडी पडली. त्याच्या स्वतःच्या घरात अ‍ॅल्युमिनिअम वायरिंग होतं. खटला चालू असताना त्याने ते तपासलं आणि जे दिसलं ते इतर ज्युरींना सांगितलं. आमच्या धंद्यात याला ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ म्हणतात. 1982 मध्ये अपील कोर्टाने तो निकाल रद्द केला. 1985 मध्ये दुसऱ्या ज्युरीने कंपन्यांना जबाबदार धरलं.

‘किती घट्ट’ याचं उत्तर हाताच्या अंदाजावर सोडायचं नाही, हे अमेरिकेच्या वायरिंग संहितेत यायला 2017 साल उजाडलं: उत्पादकाने टॉर्कचा आकडा दिला असेल, तर तो मोजणाऱ्या हत्यारानेच आवळायचं. आपल्याकडे बहुतेक बोर्ड अजून टेस्टरनेच आवळले जातात, त्याच बारीक टेस्टरने, जो फेज बघायला बनवलाय.