गुलबक्षीने उलगडलेला बियाण्याचा हिशेब



राई-मुर्धे, उत्तनच्या बाजूला एखाद्या जुन्या घराच्या अंगणात गुलबक्षी पाहिली असेल. ऊन उतरलं की फुलते, बी काळ्या मिऱ्यासारखं. या साध्या झाडाने बियाण्याच्या शास्त्रात मोठे काम केले आहे.

ब्रनो गावच्या मठातील ग्रेगोर मेंडेल यांनी १८६५ साली वाटाण्यावरचे प्रयोग विद्वानांपुढे वाचून दाखवले. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या वाटाण्यांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. पुढच्या पिढीत ५४७४ गोल, १८५० सुरकुतलेले. म्हणजे तिनास एक. मेंडेलनी हे नेगेली नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाला कळवले. त्यांनी फारसे मनावर घेतले नाही! पुढे १९०० साली हा नियम पुन्हा उजेडात आणणाऱ्यांत कार्ल कोरेन्स होते, आणि ते नेगेलींचेच विद्यार्थी.

कोरेन्सनी गुलबक्षीही तपासली. लाल आणि पांढऱ्या फुलांचा संकर केला, तर सगळी झाडे गुलाबी. बघणाऱ्याला वाटेल, दुधात कुंकू कालवावे तसे रंग मिसळले, आता सुटायचे नाहीत. पण गुलाबीचेच बी गुलाबीच्याच परागाने धरवून पेरले, तेव्हा चार झाडांमागे साधारण एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरे. रंग कालवला गेलाच नव्हता. आईकडून एक अंश, बापाकडून एक अंश, दोन्ही शाबूत राहिले होते. वाटाण्यात लपलेला अंश डोळ्यांना दिसत नाही. गुलबक्षीत गुलाबी रंगच तो सांगतो. गुलाबीवर पांढऱ्याचा पराग घातला, तर निम्मी गुलाबी, निम्मी पांढरी येणार, हे पेरण्याआधीच सांगता येते. (पिवळ्या आणि शिंतोड्यांच्या फुलांचा हिशेब वेगळा, तो इथे लावू नका.)

आता भाताकडे या. कर्जतच्या संशोधन केंद्राचा सह्याद्री हा संकरित भात १९९८ साली आला. पीक जोमदार दिसले, की पुढल्या सालासाठी त्यातलेच चार पायली बी बाजूला काढायचा मोह होतो. भातात एक नव्हे, अनेक गुणांचे अंश असतात, म्हणून एक-दोन-एक असे मोजता येत नाही; पण फूट तशीच पडते. काही रोपे उंच, काही बुटकी, लोंब्या मागेपुढे. कापणीला अर्धे शेत पिकलेले, अर्धे हिरवे. संकरित भाताचे बी दरवर्षी नवेच घ्यावे. रत्ना, कर्जत-३ यांसारख्या सुधारित जातींचे मात्र, भेसळीची रोपे लोंबी येताच उपटून टाकली, तर घरचे बी चालते.