अवाढव्य बदलांचे परीक्षण : लिनक्स कर्नेलमधील एक प्रकरण

एकाने लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याने दोष हुडकण्यासाठी वाचावी, या प्रथेला व्यवस्थित रूप देणारा मायकेल फेगन यांचा निबंध 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. आय.बी.एम.मधील अनुभवावर तो आधारलेला होता. वाचकांच्या भूमिका ठरलेल्या, सभा दोन तासांहून लांबवावयाची नाही, दोष नोंदवावयाचे पण तेथेच दुरुस्त करीत बसावयाचे नाही, असा तो विधी होता. त्यात भर वाचनाच्या शिस्तीवर होता. वाचकाच्या सोयीसाठी लेखकाने आपला बदलच निराळ्या रीतीने मांडावा, हा विचार पुढे, दूरदूरच्या अनोळखी लोकांनी मिळून आज्ञावली लिहावयास आरंभ केला तेव्हा बळावला.

त्याला साधनांची जोड होती. बेल प्रयोगशाळेतील युनिक्समध्ये 1974 च्या सुमारास ‘डिफ’ आले आणि लॅरी वॉल यांचे ‘पॅच’ 1985 मध्ये. यामुळे संपूर्ण आज्ञावलीऐवजी केवळ जुन्या-नव्यातील फरक वाचणे शक्य झाले. तथापि फरकच हजारो ओळींचा असेल तर वाचकाची सुटका कोठून होणार? 1991 मध्ये जन्मलेल्या लिनक्स कर्नेलच्या परंपरेने दिलेले उत्तर असे : एका पॅचमध्ये एकच तर्कशुद्ध बदल असावा, आणि मालिकेतील प्रत्येक पॅचनंतर कर्नेल बांधता व चालविता यावे.

या नियमाची खरी कसोटी ‘प्रीएम्प्ट-आर.टी.’ या शाखेने पाहिली. ठरलेल्या क्षणी प्रतिसाद मिळालाच पाहिजे, अशी यंत्रमानवांची व कारखान्यांतील नियंत्रकांची गरज असते. त्यासाठी इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर प्रभृतींनी 2004 च्या सुमारास हाती घेतलेले काम कर्नेलच्या कुलूप-व्यवस्थेच्या मुळाशीच जाणारे होते. ते एकगठ्ठा कोणी स्वीकारले असते असे वाटत नाही. इतक्या ठिकाणी हात घालणाऱ्या बदलाची ग्वाही एक वाचक देऊ शकत नाही.

म्हणून ते तुकड्यातुकड्यांनी आत आले. ‘म्यूटेक्स’ हे कुलूप व अतिसूक्ष्म काळ मोजणारे ‘टायमर’ 2006 च्या 2.6.16 मध्ये, कुलपांच्या क्रमातील चुका पकडणारे ‘लॉकडेप’ त्याच वर्षीच्या 2.6.18 मध्ये, व्यत्ययांची हाताळणी स्वतंत्र ‘थ्रेड’कडे सोपविण्याची सोय 2009 च्या 2.6.30 मध्ये. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, हे तुकडे ओळी मोजून पाडलेले नव्हते. लॉकडेपचा लाभ कर्नेलच्या प्रत्येक लेखकाला होता. ते तपासणाऱ्याला वास्तव-काल प्रणालीविषयी आस्था असण्याचे कारणच नव्हते. प्रत्येक तुकडा स्वतःच्या गुणावर उभा राहत असल्यामुळे परीक्षकाला अंतिम उद्दिष्टाचा निवाडा करावा लागला नाही. हजार ओळींचे दहा समान भाग केल्याने वाचन सोपे होते, ही समजूत या दृष्टीने भाबडी ठरते. असे भाग करणे म्हणजे एकच कोडे दहा पाकिटांत घालणे होय.

याची किंमत लेखकांनी मोजली. आत न आलेला भाग कर्नेलच्या प्रत्येक नव्या आवृत्तीशी जुळवून घ्यावा लागे, आणि हे काम वर्षानुवर्षे मोजक्या माणसांच्या खांद्यावर राहिले. 2015 मध्ये लिनक्स फाउंडेशनने त्यासाठी स्वतंत्र प्रकल्प उभा केला, तेव्हा कोठे त्याला स्थिर आर्थिक आधार लाभला. परीक्षकाचे जे श्रम वाचले ते नाहीसे झाले नव्हते. ते लेखकाकडे सरकले होते.

शेवटचा मोठा अडसर ‘प्रिंटके’चा, म्हणजे कर्नेलच्या संदेश-व्यवस्थेचा होता. आणीबाणीतही संदेश उमटावा, पण त्यापायी इतर कामे अडू नयेत, हा पेच सोडविण्यात जॉन ओग्नेस यांची वर्षे गेली. सप्टेंबर 2024 मध्ये व्हिएन्ना येथे ग्लाइक्सनर यांनी अखेरची विनंती चक्क कागदावर छापून लिनस टॉरवाल्ड्स यांच्या हाती दिली. नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या 6.12 आवृत्तीत ही सोय मूळ कर्नेलमधूनच निवडता येऊ लागली. वीस वर्षांच्या कामातून त्या दिवशी वाचावयास उरलेला भाग अगदी थोडा होता.