उताराचा हिशेब

माझ्या मुलाने २०२३ साली हायब्रिड मोटार घेतली. तो पुण्यात नोकरी करतो आणि आठवडाभर कंपनीच्या बसने जातो-येतो. त्यामुळे गाडी बहुतेक वेळा माझ्याच हाती असते. महिन्यातून दोन-तीनदा मी पुणे-नाशिक रस्त्याने जुन्नरला आमच्या जुन्या घरी जातो. गेली चाळीस वर्षे गाडी चालवतो आहे. आता या वयात एखादे यंत्र आपल्याला काही नवे शिकवील असे मला वाटत नव्हते. ती समजूत खोटी ठरली. ती कशी, हे सांगायचे तर जुन्नर-आंबेगावच्या रस्त्यांचा थोडा इतिहासही सांगावा लागेल. मी शाळेत इतिहास शिकवत असे. ती खोड अजून गेलेली नाही.

हायब्रिड गाडीत पेट्रोलचे इंजिन असते आणि जोडीला विजेची मोटर व बॅटरी असते. सावकाश चालताना बरेचदा एकटी मोटरच गाडी ओढते, वेग वाढला की इंजिन मदतीला येते. खरी गंमत थांबताना होते. साध्या गाडीत ब्रेक दाबला की गाडीची गती घर्षणाने उष्णता होऊन हवेत जाते. म्हणजे ज्या पेट्रोलने ती गती मिळवली, ते पेट्रोल आपण ब्रेकच्या पट्ट्यांवर जाळून टाकतो. हायब्रिड गाडीत पाय उचलला किंवा ब्रेक हलका दाबला की तीच मोटर उलट काम करू लागते. चाके तिला फिरवतात, ती वीज तयार करते आणि ती वीज बॅटरीत साठते. सगळी गती परत मिळत नाही, पण बराचसा भाग मिळतो. जोरात ब्रेक मारला तर मात्र नेहमीचे ब्रेक पुढे होतात आणि मिळकत बुडते.

हे सगळे समोरच्या पडद्यावर बाण आणि पट्ट्यांच्या रूपाने दिसत असते. पहिल्या फेरीत मी त्याकडे लक्षच दिले नाही. नेहमीच्या सवयीने चाकणच्या कोंडीत पुढच्या गाडीच्या मागे धावत गेलो आणि ब्रेक मारले. मोकळा रस्ता मिळाला की पाय दाबला. जुन्नरला पोचल्यावर हिशेब पाहिला तर लिटरला एकोणीस किलोमीटर. सहा महिन्यांनी त्याच रस्त्यावर, तेवढ्याच वेळात, तो आकडा चोवीस झाला. गाडी तीच होती, रस्ता तोच होता. बदलला होता तो माझा उजवा पाय. दोनशे पावलांवरचा लाल दिवा पाहून मी आधीच पाय उचलू लागलो होतो. पुढच्या ट्रकच्या आणि माझ्यामध्ये अंतर ठेवू लागलो होतो. चढ यायच्या आधीच तयारी करू लागलो होतो. थोडक्यात, मी दहा हातांवरचा रस्ता पाहायचे सोडून अर्ध्या मैलावरचा रस्ता पाहू लागलो होतो.

तेव्हा मला जाणवले, की ही सवय नवी नाही. आपल्याकडची ती फार जुनी सवय आहे. मधल्या काळात आपण ती विसरलो एवढेच.

जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपारा बंदरांतला माल याच वाटेने चढून जुन्नरला येई. माथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञात दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाण्यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. जवळच दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे परंपरा सांगते. या घाटाची दगडी वाट इतकी उभी आहे की तिथे चाक चालत नाही. माल बैलांच्या आणि माणसांच्या पाठीवरच चढायचा. दोन हजार वर्षे या वाटेने जनावरे हाकणाऱ्यांना एक गोष्ट सांगावी लागत नव्हती: चढावर किती खर्च होतो, हे बैलाच्या तोंडाचा फेस आणि त्याच्या बरगड्यांची हालचाल पाहून कळत असे. देशावरच्या गाडीवानाचेही तसेच. उतारावर भरलेली गाडी अंगावर आली तर बैलांचे खांदे फुटत, म्हणून उतार दिसायच्या आधीच तो सावध होई. वाहनाचा थकवा डोळ्यांसमोर दिसत असल्यामुळे हाकणारा जपून हाके.

मोटारीने हा थकवा झाकून टाकला. इंजिन दमत नाही, तक्रार करत नाही. आपण किती उधळले ते पंपावर गेल्यावर कळते, आणि तेव्हा कुठल्या चढावर किती गेले हे सांगता येत नाही.

ज्यांना हा हिशेब ठेवावाच लागला, ते एस.टी.चे चालक. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) अशी पहिली एस.टी. धावली. पुढे आमच्या भागात घोडेगाव, भीमाशंकर, ओतूर, आळेफाटा असे फाटे तिने जोडले. दहा लिटर डिझेलमागे किती किलोमीटर गाडी चालली, याचा हिशेब आगारात राहू लागला. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेलाची कोंडी केली आणि काही महिन्यांतच कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. मग इंधन वाचवणे हे साऱ्या देशाचेच काम झाले. १९७८ मध्ये सरकारने पेट्रोलियम संवर्धनासाठी स्वतंत्र संस्था उभी केली. ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने चला, सिग्नलला इंजिन बंद करा, असा तिचा उपदेश तेव्हापासून ऐकत आलो. उपदेश बरोबर होता. पण उपदेश कानांनी ऐकायचा आणि पाय आपल्या मर्जीने चालायचा, अशीच सगळ्यांची रीत होती.

काहींनी मात्र तो आपल्या पद्धतीने अमलात आणला. माझे मामा त्यांतले एक. ओतूरच्या बाजारातला भाजीपाला ते टेंपोत भरून माळशेज घाटाने कल्याणला नेत. १९७९ नंतर डिझेल पुन्हा महागले, तेव्हा घाटाच्या माथ्यावर आल्यावर ते इंजिन बंद करून टाकत आणि टेंपो उतारावर सोडून देत. पुष्कळ जण तसे करत. उतार फुकटचा आहे, तो घ्यायचा, एवढाच विचार. एका फेरीला लिटर-दीड लिटर वाचते, असे मामांचे गणित होते.

त्या गणितात एक चूक होती. अशा गाडीचा ब्रेक दाबायला इंजिनच्या जोरावर तयार होणारी पोकळी मदत करते. इंजिन बंद असले की दोन-तीनदा ब्रेक दाबेपर्यंत ती पुरते, मग पाय दगडावर ठेवल्यासारखा होतो. शिवाय गिअरमध्ये इंजिन जी गाडी धरून ठेवते, ती धरणही सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. १९८१ च्या हिवाळ्यात, पहाटेच्या वेळी, एका वळणावर नेमके हेच घडले. मामांनी दरीऐवजी डोंगराच्या बाजूला टेंपो घातला म्हणून दोघे वाचले. मामांचा पाय मोडला तो सांधला. क्लीनर म्हणून बरोबर असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाचा उजवा हात मात्र कायमचा गेला. मामांनी त्यानंतर गाडीला हात लावला नाही. त्या मुलाला त्यांनी पुढे बाजारात पानपट्टीचे दुकान घालून दिले. पण "दीड लिटर" हा शब्द आमच्या घरात पुन्हा कुणी उच्चारला नाही.

मामांची इच्छा चुकीची नव्हती, साधन चुकीचे होते, हे मला आता कळते. उताराची ताकद वाया जाऊ नये, हा विचार त्यांच्याही आधी आपल्याच सह्याद्रीत कुणीतरी नीट सोडवला होता. मुंबई-पुणे रेल्वेमार्गाचे विद्युतीकरण १९२९ मध्ये पुण्यापर्यंत पोचले. बोरघाटातला चढ सदतीस फुटांना एक फूट इतका कडक आहे. त्या घाटासाठी स्वित्झर्लंडच्या धर्तीवरची विजेची मालवाहू इंजिने आणली गेली. त्यांना आपल्याकडचे लोक 'खेकडा' म्हणत. घाट उतरताना या इंजिनांच्या मोटरी वीज तयार करून ती वरच्या तारेत परत सोडू शकत, आणि ती वीज चढणाऱ्या गाडीच्या कामी येई. म्हणजे उतरणारी गाडी आवरली जाई आणि चढणारीला हात मिळे. मोटारीत हे आणायला मात्र फार वर्षे गेली. पेट्रोलचे इंजिन आणि विजेच्या मोटरी यांची जोडी फर्डिनांड पोर्श यांनी १९०० सालीच जमवली होती. पण पेट्रोल स्वस्त होते आणि बॅटऱ्या जड होत्या, म्हणून ती कल्पना मागे पडली. टोयोटाची प्रियस १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये विकायला आली, तेव्हा हायब्रिड गाडी पहिल्यांदा मोठ्या संख्येने बनू लागली. भारतात होंडाची सिव्हिक हायब्रिड २००८ मध्ये आणि प्रियस २०१० मध्ये आली. दोन्ही महाग होत्या. मध्यमवर्गाच्या आवाक्याजवळ अशा गाड्या आल्या त्या २०२२ पासून.

ही गाडी म्हणजे जादू आहे असे मात्र कुणी समजू नये. मोकळ्या महामार्गावर एकसारख्या वेगाने जाताना तिचा फायदा कमी होतो. तिची खरी कमाई गर्दीत आणि चढ-उतारांत असते. लांब घाट उतरताना बॅटरी अर्ध्या वाटेतच भरते. त्यानंतर वीज ठेवायला जागा नसते आणि गाडी आवरायला इंजिनाचीच मदत घ्यावी लागते. त्यासाठी उतारावर वेगळा गिअर निवडायचा असतो. तो न निवडता नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवला तर मामांच्याच वाटेने जाणे आले. आणखी एक मोह म्हणजे, पेट्रोल कमी लागते म्हणून उगाच जास्त फिरणे. मीही तसे केले आहे. तेवढ्याने वाचलेले सगळे परत जाते.

एक सवय तर मला भीतीने लागली. गावात शिरताना ही गाडी मोटरवर चालते आणि तिचा आवाज जवळजवळ होत नाही. नारायणगावच्या बाजाराच्या दिवशी डोक्यावर पाटी घेतलेली एक म्हातारी अगदी चाकापुढे येईपर्यंत तिला माझी चाहूल लागली नव्हती. आमच्या लोकांना मोटार कानांनी ओळखायची सवय आहे. मेंढपाळांना आणि त्यांच्या मेंढरांनाही तीच. तेव्हापासून वस्ती आली की मी माणसाच्या चालीने जातो. रात्री उसाच्या शेतांमधून जाताना तर अधिकच जपतो, कारण जुन्नरच्या रस्त्यांवर बिबट्या कधी आडवा येईल ते सांगता येत नाही.

आमचा भाग वेगाचा शौकीन आहे, हे मी नाकारत नाही. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये बंदी आली तेव्हा इथली गावे किती अस्वस्थ होती आणि २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली तेव्हा काय आनंद झाला, हे मी पाहिले आहे. पण तो वेग घाटातला असतो, काही सेकंदांचा असतो, आणि त्याच्या मागे वर्षभराची निगा असते. तोच वेग बायपासवर आणला की त्याला शर्यत म्हणता येत नाही.

आणि मंचरच्या पुढे गेलो की मला दरवेळी म्हाळुंगे पडवळची आठवण होते. तिथला बाबू गेनू, मुंबईचा गिरणी कामगार, १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी रस्त्यावर परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा झाला. लॉरीच्या हिंदी चालकाने पुढे जायला नकार दिला आणि गोऱ्या सार्जंटने चाक हाती घेतले, अशी हकिगत सांगतात. बाबू गेनू गेला, लॉरी पुढे गेली. डिंभे धरणाच्या जलाशयाला आज त्याचे नाव आहे; मूळ आंबेगाव त्याच पाण्याखाली आहे. त्या दिवशी लॉरी तीच होती, रस्ता तोच होता. चाकामागचा माणूस बदलला आणि सगळे बदलले. म्हणून गाडीने मला शिकवले असे जेव्हा मी म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की गाडीने दाखवले. पाय उचलायचा की नाही, हे मलाच ठरवावे लागले.

गेल्या वर्षी मामांना घेऊन मी माळशेजने कल्याणला गेलो. ते आता चौऱ्यांशी वर्षांचे आहेत. माथ्यावर आल्यावर त्यांनी हाताने समोरची पट्टी घट्ट धरली. थोडे उतरल्यावर म्हणाले, "अरे, इंजिनाचा आवाज नाही. बंद केलंस का?"

"मामा, मी नाही बंद केलं. गाडीच आपल्या मनानं थांबवते त्याला. बघा, बॅटरी भरतेय."

"आणि ब्रेक?"

"ब्रेक लागतो, मामा." मी दाबून दाखवला.

ते काही बोलले नाहीत. ते वळण आले आणि मागे पडले. घाट संपल्यावर त्यांनी पडद्यावरच्या भरलेल्या पट्टीकडे बोट केले आणि विचारले, "याचं किती पेट्रोल झालं?"

मी अंदाजाने सांगितले, पाव लिटरही नसेल. मामांनी मान हलवली आणि परतीच्या वाटेवर ओतूरला पानपट्टीच्या दुकानाशी गाडी थांबवायला सांगितली.