तळटीप १७ : डॉ. खानखोजे

मजकुरातले 'मेक्सिकोतले खानखोजे' म्हणजे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे, मूळचे वर्ध्याचे. लेखकाने त्यांना ओझरते 'गदरवाले' म्हटले आहे. ते खरे असले तरी पुरेसे नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर शेतीशास्त्र शिकता शिकता ते ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या भारतीय क्रांतिकारकांच्या गदर चळवळीच्या उभारणीत सामील झाले. पहिल्या महायुद्धात इराणमध्ये ब्रिटिश फौजांविरुद्ध लढले. पुढे बर्लिन, मॉस्को असे करत १९२४ साली मेक्सिकोला पोहोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले.

चरित्रकारांची लेखणी बहुधा बंदुकीपाशी रेंगाळते. आमच्या मते मेक्सिकोचे पर्व अधिक मोलाचे आहे. तिथे त्यांनी मक्याच्या सुधारित वाणांवर संशोधन केले आणि लहान शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. त्या कामाची छायाचित्रे तीना मोदोत्तीने टिपली. दिएगो रिव्हेराने तर मेक्सिको सिटीतील शिक्षण मंत्रालयाच्या एका भित्तिचित्रात, भुकेल्यांबरोबर जेवणाच्या मेजावर भाकर मोडणारा माणूस म्हणून त्यांनाच रंगवले. (मराठी शालेय पुस्तकांत हे चित्र छापायला काय हरकत आहे?)

१९४७ नंतरही त्यांची परतीची वाट सरळ नव्हती. ब्रिटिशांच्या काळ्या यादीतले त्यांचे नाव स्वतंत्र भारताच्या दप्तरातही तसेच राहिले होते आणि मायदेशी आल्यावर त्यांना विमानतळावर अडवण्यात आले. अखेर ते सहकुटुंब नागपुरात स्थायिक झाले. २२ जानेवारी १९६७ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. — संपा.